पोर्फिरीचे पाच शब्द आणि नागपूर

नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर रोज सकाळी फिरायला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्या टेकडीच्या नावाचा विचार पडत असेल. वर सेंट चार्ल्स सेमिनरी आहे, म्हणून टेकडी सेमिनरी हिल्स. कॅथलिक धर्मगुरू होऊ पाहणाऱ्या मुलाला ईश्वरविद्येआधी तत्त्वज्ञान शिकावे लागते, आणि तत्त्वज्ञानात आधी तर्कशास्त्र. टेकडी उतरून शहरात आले की मोमिनपुरा लागतो. तिथल्या मौलवींच्या पिढीने दर्स-ए-निजामीचा जो अभ्यासक्रम केला, त्यात मंतिक, म्हणजे तर्कशास्त्र, सुरुवातीच्या वर्षांतच येते. आणखी पुढे महाल भागात या, तर संस्कृत पाठशाळेतला विद्यार्थी अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' घोकत असतो. एका शहरात, तासाभराच्या चालीच्या अंतरात, तर्काच्या तीन शाळा आहेत. त्यांतल्या पहिल्या दोघींचे मूळ एकाच ग्रीक पुस्तकात आहे. तिसरीचे मूळ वेगळे, पण तिने जे प्रश्न सोडवायला घेतले ते तेच.

मी या शहरात ज्युनिअर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवले. हे तीन प्रवाह एकमेकांशेजारून वाहतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत, ही गोष्ट मला नोकरीत असल्यापासून सलत आली आहे. म्हणून त्या ग्रीक पुस्तकाची आणि त्याच्या आपल्याकडच्या भावंडांची हकीकत इथे मांडतो.

पुस्तकाचे नाव 'ईसागोगे', म्हणजे प्रवेशिका. लेखक पोर्फिरी. जन्म इसवी सन 234 च्या सुमारास, आजच्या लेबनॉनमधल्या टायर बंदरात. घरचे नाव माल्खुस. अथेन्समध्ये लाँगिनसकडे शिकून तो रोमला प्लॉटिनसकडे गेला. तिथे काही वर्षांनी त्याच्या मनाने घेतले की आता जगू नये. हे त्याने स्वतःच गुरूच्या चरित्रात लिहून ठेवले आहे. प्लॉटिनसच्या ते ध्यानात आले. तो शिष्याच्या घरी गेला आणि म्हणाला, हा निर्णय तुझ्या बुद्धीचा नाही, हा आजार आहे, तू हवापालट कर. पोर्फिरी सिसिलीला गेला आणि वाचला. तो तिथे असतानाच रोममधल्या क्रिसाओरियस नावाच्या सरदाराचा निरोप आला: ॲरिस्टॉटलचे 'कॅटेगरीज' वाचायला घेतले आहे, काही कळत नाही, मदत करा. प्राचीन टीकाकार सांगतात की त्याच्यासाठी पोर्फिरीने ही पुस्तिका लिहिली. आजच्या छपाईत ती वीस-पंचवीस पानांत बसते.

तिच्यात पाचच संकल्पना आहेत: जाती, उपजाती, व्यवच्छेदक धर्म, गुणधर्म आणि आगंतुक धर्म. माणूस ही उपजाती, प्राणी ही तिची जाती. बुद्धी हा व्यवच्छेदक, कारण तो माणसाला इतर प्राण्यांपासून तोडतो. हसता येणे हा गुणधर्म: तो सगळ्या माणसांत असतो आणि फक्त माणसांतच असतो, तरी माणूसपण त्यात नाही. झोपलेला असणे हा आगंतुक धर्म, तो येतो आणि जातो. कावळ्याचा काळा रंगही पोर्फिरीच्या मते आगंतुकच. तो कावळ्याला कधी सोडत नाही हे खरे, पण पांढऱ्या कावळ्याची कल्पना करता येते आणि तसे करताना त्याचे कावळेपण जात नाही.

वर्गात मी हे संत्र्यावर शिकवायचो. लिंबूवर्गीय फळ ही जाती, संत्रे ही उपजाती. मोसंबीला सुरी लागते, संत्र्याची साल सैल असते, हाताने सुटते, म्हणून सैल साल हा व्यवच्छेदक. सोलताना जे तेल उडते त्याचा वास हा गुणधर्म. आणि फळ आंबिया बहाराचे आहे की मृग बहाराचे, हे आगंतुक. काटोल-नरखेडकडची मुले इथे लगेच उठायची. ज्यांच्या घरी बाग आहे त्यांना हे मान्य होईना. "सर, व्यापारी तर आधी बहारच विचारतो. मृगाचा भाव वेगळा, आंबियाचा वेगळा. मग ते आगंतुक कसं?" दुसरा म्हणायचा, "साल हाच व्यवच्छेदक आणि वास हा नुसता गुणधर्म, हे ठरवलं कोणी? उलटं का नाही?" हा दुसरा प्रश्न मोठा आहे. वस्तूचे सार कोणते आणि साराला चिकटून येणारे कोणते, हे ठरवायची कसोटी पोर्फिरीच्या पाच शब्दांत नाही. ती आधीपासून ठाऊक आहे असे धरून तो चालतो. या प्रश्नाकडे मी पुन्हा येणार आहे, कारण त्याचे आपले उत्तर महालात मिळते.

पोर्फिरीने जातीच्या पोटात उपजात, तिच्या पोटात आणखी उपजात असा उतरता क्रम लावला. द्रव्य; त्यात शरीर असलेले आणि नसलेले; शरीर असलेल्यांत सजीव आणि निर्जीव; सजीवांत संवेदना असलेले आणि नसलेले; मग बुद्धी असलेले, मग मर्त्य, मग माणूस, आणि सगळ्यांत खाली सॉक्रेटिस आणि प्लेटो. मध्ययुगातल्या लेखनिकांनी याचे झाड काढले. खोड, दोन्ही बाजूंना फांद्या, प्रत्येक फांदीवर होय किंवा नाही. 'पोर्फिरीचा वृक्ष' या नावाने ते शतकानुशतके हस्तलिखितांत राहिले आणि पुढे छापील पाठ्यपुस्तकांतही आले. 1870 सालच्या जेव्हन्सच्या तर्कशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकात ते आहे, आणि इंग्रजी अमदानीतल्या आपल्या कॉलेजांत जेव्हन्सचा तर्क पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला.

पुस्तिका इतकीच असती तर शाळेपुरती राहिली असती. तिला इतिहास मिळाला तो पहिल्याच पानावरच्या तीन प्रश्नांमुळे. पोर्फिरी ते मांडतो आणि म्हणतो, हे खोल पाणी आहे, इथे यात उतरत नाही. जाती आणि उपजाती खरोखर असतात की केवळ आपल्या मनात? असल्या तर त्या शरीरधारी की अशरीरी? आणि त्या वस्तूंपासून वेगळ्या असतात की वस्तूंतच? नवशिक्या वाचकाच्या दयेपोटी बाजूला ठेवलेल्या या तीन वाक्यांवर युरोपची सहाशे-सातशे वर्षे गेली.

रोमन विद्वान बोएथियसने ईसागोगेवर दोन टीका लिहिल्या आणि तिचा लॅटिन अनुवाद स्वतः केला. थिओडोरिक राजाच्या तुरुंगात 524 च्या सुमारास त्याला ठार मारले गेले, पण पश्चिमेकडे ग्रीक जाणणारे संपले तरी त्याच्या लॅटिनमुळे पोर्फिरी शिल्लक राहिला. ॲरिस्टॉटलचे बहुतेक ग्रंथ हाती नव्हते अशा काळात तर्काचे जे थोडे साहित्य होते त्याचे पहिले पुस्तक ईसागोगे. पॅरिसमध्ये बाराव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम ऑफ शाँपो शिकवत होता की 'प्राणी' हे एकच सत्त्व माणसांत आणि गाढवांत पूर्णपणे असते, वेगळेपण फक्त वरच्या धर्मांचे. त्याचा शिष्य आबेलार उठला. त्याचे म्हणणे असे: तेच सत्त्व सॉक्रेटिसमध्ये बुद्धिमान आणि गाढवामध्ये बुद्धिहीन एकाच वेळी असेल, तर एकाच गोष्टीला दोन विरुद्ध धर्म चिकटले, हे कसे चालेल? विल्यमला आपले मत बदलावे लागले. 1255 मध्ये पॅरिस विद्यापीठाच्या कला शाखेने अभ्यासाची पुस्तके नेमून दिली, तेव्हा पोर्फिरी त्यांत होताच. सेमिनरी हिल्सवरच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गाची वंशावळ या पॅरिसपर्यंत जाते.

पूर्वेची वाट अधिक लांब आहे आणि आपल्याला अधिक जवळची. बालदच्या अथानासियसने 645 मध्ये मेसोपोटेमियातल्या एका मठात ईसागोगेचा सिरियॅक अनुवाद पुरा केला. पुढे बगदादच्या अनुवादकांच्या काळात अबू उस्मान अल-दिमश्कीने ती अरबीत आणली. बुखाऱ्यात इब्न सीना लहान असताना त्याच्या वडिलांनी अल-नातिली नावाचा शिक्षक घरी ठेवला, आणि दोघांनी ईसागोगेपासून सुरुवात केली. जातीची व्याख्या आली तेव्हा पोराने तिची अशी फोड केली की शिक्षक थक्क झाला आणि वडिलांना म्हणाला, या मुलाला विद्येशिवाय दुसऱ्या कशात घालू नका. इब्न सीनाने हे आत्मचरित्रात सांगितले आहे. पुढे त्याने 'शिफा' हा महाग्रंथ लिहिला, त्यातल्या तर्काच्या पहिल्या भागाची घडण ईसागोगेची आहे. तेराव्या शतकात असीरुद्दीन अल-अब्हरीने 'ईसागूजी' याच नावाची नवी पुस्तिका केली. पाच शब्द तिच्यात आहेतच, शिवाय विधाने, अनुमान, हेत्वाभास असा सगळा तर्क थोडक्यात आहे. मदरशांनी ती उचलली. औरंगजेबाच्या काळात लखनौला आणि हैदराबादला काझी असलेल्या मुहिबुल्ला बिहारीने 'सुल्लम-उल-उलूम' लिहिले, ते पुढच्या पायरीचे. अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महलात मुल्ला निजामुद्दीन यांचा दर्स-ए-निजामी हा अभ्यासक्रम घडला आणि देशभर पसरला. नागपूरपर्यंत ईसागूजी आली ती याच वाटेने.

मोमिनपुऱ्यातल्या एका वयोवृद्ध मौलवीसाहेबांनी त्यांची विद्यार्थीदशेतली प्रत मला दाखवली होती. शिळाछापाची, कागद पिवळा पडलेला. पानाच्या मधोमध चौकटीत मूळ मजकुराच्या चार-पाच ओळी, आणि भोवती चारी बाजूंनी तिरप्या, उलट्या, वळणावळणाने उतरणाऱ्या टिपा. वाचायचे तर पुस्तक हातात फिरवावे लागते. पाच शब्दांचे पान त्यांनी बोट न ठेवता म्हणून दाखवले. मी त्यांना म्हटले, हे ग्रीक आहे. ते म्हणाले, "मालूम है, प्रोफेसरसाब. फुर्फूरियूस. उस्तादने पहले ही दिन बताया था."

आता तिसरा प्रवाह. अथानासियसने सिरियॅक अनुवाद पुरा केला त्याच 645 साली एक चिनी भिक्षू हिंदुस्थानातून चांगआनला परतला. ह्युएन त्संग. 647 मध्ये त्याने 'न्यायप्रवेश' चिनी भाषेत नेला. हेही नवशिक्यांसाठी लिहिलेले तर्काचे पुस्तक. चिनी परंपरा ते बौद्ध तर्कशास्त्रज्ञ दिङ्नागाचा शिष्य शंकरस्वामी याचे मानते, तिबेटी परंपरा खुद्द दिङ्नागाचे. तेहतीस आभास त्यात मांडले आहेत: नऊ पक्षाचे, चौदा हेतूचे, दहा दृष्टान्ताचे. शब्द ऐकू येत नाही, असे म्हणाल तर ते प्रत्यक्षाच्या विरुद्ध. माझी आई वांझ आहे, असे म्हणाल तर तुमचेच बोलणे तुम्हाला खोडते. चीनमध्ये ह्युएन त्संगाचा शिष्य क्वेइजी याने त्यावर मोठी टीका लिहिली आणि जपानात नाराच्या मठांतून त्याचा अभ्यास चालला. संस्कृत मूळ टिकले ते जैनांमुळे. आठव्या शतकातल्या हरिभद्रसूरींनी त्यावर वृत्ती लिहिली आणि जैन परंपरेने दोन्ही सांभाळले. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत 1930 साली आनंदशंकर ध्रुवांनी ते छापले.

ह्युएन त्संग 641 च्या सुमारास महाराष्ट्रातही आला होता. दरीतल्या लेण्यांच्या एका विहाराचे वर्णन त्याने केले आहे, दारापुढे दगडी हत्ती असलेल्या. ते अजिंठ्याचे मानले जाते. त्या विहारात दिङ्नाग पुष्कळदा राहत असे, असेही तो नोंदवतो. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. वाकाटकांची ती शाखा वत्सगुल्मची, म्हणजे आपल्या वाशीमची, आणि थोरली शाखा नंदिवर्धनची, म्हणजे रामटेकजवळच्या नगरधनची. भारतातल्या बौद्ध तर्काचा पाया घालणाऱ्या माणसाचे नाव विदर्भाच्या राजवंशाने घडवलेल्या लेण्यांशी जोडलेले आहे, हे नागपूरकरांनी अभिमानाने सांगावे असे आहे. सांगत मात्र कोणी नाही.

रामटेकशी दिङ्नागाचे नाव आणखी एका मार्गाने जोडले गेले. 'मेघदूता'त रामगिरीहून निघणाऱ्या मेघाला वाटेतल्या दिग्गजांचे सोंडेचे फटकारे चुकवायला सांगितले आहे. टीकाकार मल्लिनाथाने तिथे श्लेष पाहिला: हा टोला कालिदासाने प्रतिस्पर्धी दिङ्नागाचार्याला दिला आहे. कथा गोड आहे, पण टिकत नाही. रामगिरी म्हणजे रामटेक हे ज्यांनी साधार मांडले ते आमच्या मॉरिस कॉलेजचे वा. वि. मिराशी कालिदासाला दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या, म्हणजे इसवी सन 400 च्या आसपासच्या काळात ठेवतात. दिङ्नाग त्यानंतर शंभरेक वर्षांनी झाला. मिराशींचा कालनिर्णय मला पटतो, म्हणून मल्लिनाथाचा श्लेष मी सोडून देतो.

महालातली शाळा दिङ्नागाची नाही, त्याच्या विरोधकांची, म्हणजे नैयायिकांची आहे. पोर्फिरीचा पहिला प्रश्न, जाती खरोखर असते की मनात, यावर नैयायिकांचे उत्तर ठाम: जाती खरी, नित्य, एक, आणि अनेकांत राहणारी. बौद्धांचे उत्तर तितकेच ठाम: अशी वस्तू नाही. धर्मकीर्तीचा आक्षेप आजही बिनतोड वाटतो: नवे वासरू जन्मले, तर गोत्व तिथे कुठून आले? ते चालत आले नाही, आधी तिथे नव्हते, जुन्या गाईला सोडूनही आले नाही. आबेलारने पॅरिसमध्ये केलेला वाद आपल्याकडे त्याच्या पाचशे वर्षे आधी, गाईवर, झाला होता.

नैयायिकांनी हा मारा सोसला आणि जातीचे नियम कडक केले. उदयनाचार्यांनी, ज्यांची 'लक्षणावली' इसवी सन 984 ची आहे, जातीच्या आड येणारी सहा कारणे दिली. त्यांतले पहिले: वस्तू एकच असेल तर तिची जाती नाही. आकाश एकच, म्हणून आकाशत्व ही जाती नव्हे. दुसरे एक कारण संकर: दोन धर्म एकमेकांना अर्धवट छेदत असतील तर ते जाती नव्हेत. भूतत्व, म्हणजे महाभूत असणे, पृथ्वी, जल, तेज, वायू, आकाश यांत आहे. मूर्तत्व, म्हणजे मर्यादित परिमाण असणे, पृथ्वी, जल, तेज, वायू, मन यांत. चार ठिकाणी दोन्ही, एकेका ठिकाणी एकच. म्हणून दोन्ही जाती नाहीत. फळ्यावर पोर्फिरीचा वृक्ष काढा आणि भूतत्व-मूर्तत्व त्यात बसवून पाहा. बसणार नाही. झाडाच्या दोन फांद्या पुढे जाऊन पुन्हा एकमेकींत शिरत नाहीत. लेखनिकांनी जी गोष्ट चित्रात पाळली ती उदयनांनी नियम म्हणून सांगितली, आणि मला हे उदयनांचे फार मोठे काम वाटते.

आणि आता काटोलच्या त्या मुलाचा प्रश्न. महालातल्या आमच्या शास्त्रीबुवांकडे मी 'तर्कसंग्रह' वाचला. अन्नंभट्ट सतराव्या शतकातला, मूळचा आंध्राचा. पुस्तक मुलांना सुखाने कळावे म्हणून करतो असे त्याने सुरुवातीलाच सांगितले, आणि कठीण भागासाठी स्वतःच 'दीपिका' लिहिली. शास्त्रीबुवा लक्षण, म्हणजे व्याख्या, शिकवताना गाय घ्यायचे. गाय म्हणजे काय? तांबूस रंगाची ती गाय म्हणाल तर पांढरी गाय सुटली: अव्याप्ती. शिंगे असलेली म्हणाल तर म्हैसही आत आली: अतिव्याप्ती. एक खूर असलेली म्हणाल तर एकही गाय सापडणार नाही: असंभव. मग बरोबर काय? गळ्याखाली लोंबणारी पोळी. ती प्रत्येक गाईला असते, दुसऱ्या कोणाला नसते, संपले. मी विचारले, पण पोळी हे गाईचे सार आहे का? बुवा म्हणाले, "सार तू शोधत बस. लक्षणाचे काम वेगळे काढून दाखवणे. पोळीने ते काम होते की नाही, तेवढे सांग."

पोर्फिरी या पोळीला गुणधर्म म्हणाला असता आणि व्याख्येत घेतले नसते. न्यायाला असाधारण धर्म पुरतो. सार कोणते या वादात न शिरता व्याख्या तपासता येते, आणि तीन दोषांची कसोटी शाळकरी मुलगाही चालवू शकतो. संत्र्याच्या सैल सालीवर आणि वासावर हीच कसोटी चालवायची: दोन्ही धर्म सगळ्या संत्र्यांत असतील आणि बाहेर कुठे नसतील, तर दोन्हीही लक्षणे, भांडण नको. या बाबतीत मी निःसंकोचपणे महालाच्या बाजूने आहे. पोर्फिरीचे मोठेपण त्याने मांडलेल्या प्रश्नांत आहे; नवशिक्याच्या हातात द्यायचे हत्यार अन्नंभट्टाचे चांगले.

आपल्या तर्कातले काही ग्रीकांकडून आले, असे सतीशचंद्र विद्याभूषणांनी सुचवले. भारतीय पंचावयवी अनुमानावर ॲरिस्टॉटलचा प्रभाव आहे, असे त्यांचे मत होते. त्यांच्या 1921 च्या भारतीय तर्काच्या इतिहासाचे ऋण मी मानतो, पण हे मत मला पटत नाही. आपल्या अनुमानात उदाहरण, स्वयंपाकघरातला धूर आणि विस्तव, हा एक अवयवच आहे. ॲरिस्टॉटलच्या संवाक्याला, म्हणजे त्याच्या अनुमानाच्या साच्याला, तो लागत नाही. घडणच वेगळी. प्रश्न सारखे पडले, कारण वस्तूंचे वर्गीकरण करणाऱ्या कोणालाही ते पडतात.

महाराष्ट्राने या प्रवेशग्रंथांची सेवा केली आहे. यशवंत वासुदेव आठल्यांनी केलेली तर्कसंग्रहाची आवृत्ती त्यांच्या पश्चात महादेव राजाराम बोडसांच्या प्रस्तावनेसह 1897 मध्ये मुंबई संस्कृत मालेत निघाली, आणि ती अजून अभ्यासली जाते. भीमाचार्य झळकीकरांचा 'न्यायकोश' वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारून 1928 मध्ये भांडारकर संस्थेतून काढला. त्याच्या तोडीचा कोश दुसरा नाही. नागपूरला हिस्लॉप कॉलेज 1883 चे, मॉरिस 1885 चे. पाश्चात्त्य तर्क इथे रुजायला ती पुरेशी होती. दि. य. देशपांड्यांनी 'युक्तिवादाची उपकरणे' लिहून तो मराठीत आणला आणि 1990 मध्ये नागपुरातून 'आजचा सुधारक' सुरू केले. सुरेंद्र बारलिंग्यांनी भारतीय तर्काची आधुनिक ओळख करून देणारे पुस्तक इंग्रजीत लिहिले. दोघांचेही काम मोठे.

अकरावी-बारावीच्या कला शाखेत तर्कशास्त्र हा विषय आजही आहे. माझ्या पाहण्यातल्या कॉलेजांत मात्र विद्यार्थी कमी म्हणून तुकडी बंद, आणि तुकडी बंद म्हणून शिक्षक नाही, असे एकामागून एक होत गेले. ज्यांच्या घरचे मूल यंदा अकरावीला जाते आहे त्यांना माझी विनंती आहे: प्रवेश घेताना तर्कशास्त्र आहे का, एवढे विचारा. विचारणारे वाढले की तुकडी उघडते. आणि महालातल्या पाठशाळेच्या, मोमिनपुऱ्यातल्या मदरशाच्या आणि टेकडीवरच्या सेमिनरीच्या शिक्षकांना हात जोडून सांगणे आहे की, एकदा एकत्र बसा. तर्कसंग्रह, ईसागूजी आणि पोर्फिरी, तिन्हींची पहिली चार पाने पुरेत. जागा मी देतो, चहाही माझा.